सरजाबाईचं बाळसं

"चतुरे, बांगड्या भरायलीस का हात बघायलीस? भविष्य सांगतीस की काय?" सरजाबाई हसली.

चतुराबाई कासारीण हसली नाही. सरजाबाई लग्न होऊन पेडगावात आली तेव्हापासून तिचा हात चतुराबाईच भरत आली होती. यंदा नेहमीच्या मापाची बांगडी मनगटावर सैल लोंबत होती. आणि जिथं चतुराबाईचा अंगठा जरासा टेकला, तिथं जांभळा डाग उमटला होता.

"तोंड भाकरीवानी गोल अन् हात काडीवानी. हे कसलं गं?"

"नजर लावू नको! अख्खं गाव म्हणायलंय, सरजाबाईला म्हातारपणी बाळसं आलं."

हे बाळसं पुडीचं होतं. बाजाराच्या दिवशी एक पुडीवाला गुडघेदुखीवर जंगलातली मुळी म्हणून तपकिरी भुकटी विकायचा. या दोघींच्या आयांनी निर्गुडीचा पाला तव्यावर तापवून गुडघे शेकले होते. मुळीवर कोण संशय घेणार? आणि पुडी दोघींना लागूही पडली. बसत बसत पायऱ्या उतरणारी चतुराबाई बांगड्यांची पेटी घेऊन जिंतूरची एसटी धावत पकडायला लागली होती.

पोळा झाला आणि औषध खात्याची माणसं गावात आली. मुळीच्या नावाखाली इंग्रजी गोळ्या कुटून घातल्यात, पुडीवर बंदी आहे, ज्यांनी खाल्ली त्यांनी दवाखान्यात यावं, असं पारावरच्या भोंग्यावरून सांगितलं गेलं.

सरजाबाईचे यजमान व्यंकटराव तहसिलीतून निवृत्त झालेले. "बंदी म्हणजे बंदी," म्हणत त्यांनी घरातल्या साऱ्या पुड्या चुलीत टाकल्या. पुडीच खायची नाही, तर दवाखाना कशाला?

चतुराबाई मात्र परभणीच्या दवाखान्यात गेली. तिथली डॉक्टरीण म्हणाली, "मावशी, हे औषध रोज मिळालं की शरीर स्वतःचं काम विसरतं. म्हणून ते एकदम बंद करायचं नसतं. मी देते त्या गोळ्या हळूहळू कमी करायच्या. नाहीतर माणूस बसल्या जागी गार पडतं."

चतुराबाई मिळेल त्या गाडीनं परतली. सरजाबाईच्या दारात माणसं खाली मान घालून उभी होती. आदल्या रात्रीपासून उलट्या, मग घेरी, मग अंग गार. दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली होती.

"पुडीनं घात केला बाई," चतुराबाई म्हणाली.

"पुडी होती तवर चालायली होती की!" शेजारीण फणकारली. "बंद केली अन् गेली."

खोटं नव्हतं ते. चतुराबाईकडं उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं, आणि ऐकायला कुणी थांबलं नाही.

दिवाळीनंतर कळलं, पुडीवाला आता गंगाखेडच्या पुढं बसतो. तिकडं जायला पारापाशी भागवतची भाड्याची जीप भरायला लागली. चतुराबाई पेटी घेऊन तिथं पोचली, तेव्हा पुढच्या सीटवर व्यंकटराव बसलेले. मागं त्यांची सून शुभदा, कंबरेला हात लावून.

"दाजी, तुमी? कायदा कुठं गेला तुमचा?"

"कायद्यानंच तर बायको खाल्ली माझी." त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. "पोरीची कंबर धरलीय, चतुराबाई. हिला तरी वेळेवर मिळू द्या."

"शुभदा, उतर, माय. लय वाईट हाय ते."

शुभदानं सासऱ्यांच्या पाठीकडं पाहिलं आणि नुसता पदर सारखा केला. भागवतनं जीप चालू केली.

डॉक्टरणीच्या गोळ्या कमी होत गेल्या तसे चतुराबाईचे गुडघे पुन्हा पहिल्यासारखे धरले होते. खाली बसली की दोघींनी धरून उठवावं लागे. तिनं पेटी पाराच्या कडेला ठेवली, रस्त्याच्या मधोमध गेली, आणि एक हात जमिनीला टेकत, कण्हत, जीपच्या पुढ्यात पाय पसरून बसली.

"मावशी, उठा की! कामून आडव्या यायलात?" भागवत ओरडला.

"मला उठता येत न्हाई रे, बाबा. उठवायचं तर खाली उतरावं लागंल."

हॉर्न वाजत राहिला. अजून कुणी उतरलं नव्हतं. गरम इंजिनची धग तोंडावर घेत ती धुळीत बसून राहिली.