पिवळ्या रेषेपाशी

भिंगरीने पहिली रांग मागे ढकलली तेव्हा खुर्च्यांचे पाय फरशीवर असे किंचाळले, की वहिनी हातातला चहा तसाच ठेवून दालनात धावत आली.

"वन्सं, हे काय चाललंय?"

"जागा करतेय. संध्याकाळी नाचायचंय मला."

"त्याच्या चित्रासमोर?"

"चित्राचाच नाच आहे तो."

भिंगरी हे नाव दादाने लहानपणी ठेवलेलं. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरू लागले, तरी ते सुटलं नव्हतं. दादा जाऊन वर्ष होत आलं होतं आणि आज त्याच्या चित्रांचं प्रदर्शन उघडणार होतं. समोरच्या भिंतीवर शेवटचं चित्र होतं: माणसाहून उंच, सगळं करडं, आणि उजव्या कोपऱ्यात एकच उभी पिवळी रेष.

"नाचून चित्र सांगता येत नाही," वहिनी म्हणाली. "आधीच जो तो ते समजावून सांगतोय. समीक्षक तर त्या रेषेला उमेद म्हणून मोकळे झाले. आता तुम्हीही हातवारे करणार?"

"दादाने माझा नाच रंगवला, ते चित्र तर तू बैठकीत लावलंस."

"त्याने नाच समजावला नव्हता. चित्र काढलं होतं."

"मग मीही नाचच करणारेय. नको असेल तर दिवे घालव. अंधारात नाचेन."

 वहिनी पाठ फिरवून निघून गेली.

संध्याकाळी भाषणं आटोपल्यावर भिंगरी उठली. साज नाही, वाद्यं नाहीत. लोकांकडे चक्क पाठ करून ती चित्रासमोर उभी राहिली. मागे कुजबुज झाली, कुणीतरी खाकरलं. तिने लक्ष दिलं नाही. तो करडा रंग खांद्यांवर घेऊन ती इंच इंच सरकत राहिली. मान वाकली, कोपर जड झाले, श्वास सगळ्यांना ऐकू येऊ लागला. कुजबुज केव्हा थांबली ते तिला कळलं नाही.

रेषेपाशी पोचल्यावर टाचा उचलायच्या, हात वर न्यायचे, असं तिने महिनाभर घोटलं होतं. ती पोचली आणि गुडघ्याने दगा दिला. तळहात भिंतीवरून घसरत खाली आला. ती बसली ती बसलीच. थोड्या वेळाने लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कुणीतरी तिला धरून खुर्चीत बसवलं. समीक्षक लगबगीने आले.

"शेवट जरा खटकला हं. रेष वर जाते, उमेदीची आहे. तुम्ही खाली का बसलात?"

"तुम्ही खुशाल उमेद लिहा," भिंगरी म्हणाली. "आमच्यात लिहून नाचत नाहीत."

पाहुणे पांगल्यावर वहिनी शेजारी येऊन बसली. 

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"काय?"

"तो तिथे कोसळला होता. कुंचला हातात होता, पडताना ओढला गेला, तीच ही रेष. मी उचलायला गेले तर म्हणाला, आधी बघ, पुसू नकोस. मी कुणाला बोलले नाही, वन्सं. लोकांनी चित्र अर्धवट राहिलं म्हटलं असतं."

भिंगरीने चित्राकडे पाहिलं. गप्प राहिली असती तर आजचा दिवस तिचाच होता.

"मला कुणी सांगितलं नाही, वहिनी. माझा गुडघा गेला."

वहिनीला हसू फुटलं, आणि त्याबरोबर डोळेही भरले.

"त्याचं तरी दुसरं काय झालं होतं?"

भिंगरी दुखरा गुडघा चोळू लागली.

"उद्याही नाचा, आणि शेवटी तिथेच बसा," वहिनी म्हणाली.

"नाही बसणार. त्याचं पडणं त्याचं. उद्या मी टाचा उचलणार."

वहिनीने पदराने डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"आधी खुर्चीतून तर उठा."