शिवणीतलं चार बोटं कापड

मित्रांनो, क्षणभर कल्पना करा. तुमच्या हाताला दोनच बोटं आहेत, तीही पोलादाची, आणि समोर रेशमी कापड पसरलेलं आहे. बोटं मिटली की कापडाचे दोन तुकडे. मग कितीही नीट शिवा, ते पहिल्यासारखं अखंड होत नाही. अशा हातांनी तुम्ही किती जपून वागाल?

मी एक जुनी कात्री आहे. काळ्या मुठीची, शिवणकामाची, जरा जडच.

माझा जन्म मेरठच्या एका भट्टीत झाला. ट्रकच्या मोडक्या स्प्रिंग-पाट्यांचं पोलाद तापवून, ठोकून माझी पाती घडवली. तिथून मी अकोल्याच्या बाजारात आले आणि दुर्गाबाईंनी मला विकत घेतलं. डाबकी रोडवरच्या घरात, पुढच्या खोलीत त्या बायकांचे कपडे शिवत. खडूची रेघ ओढायची आणि मी त्या रेघेवरून चालायचं, हे आमचं काम. शेजारणी म्हणत, "दुर्गाबाई, तुमची कात्री तर लोण्यातून चालल्यासारखी चालते बापा." मला ते फार आवडे.

माझ्या बाबतीत घरात एकच नियम होता. मी कापडाशिवाय काही कापायचं नाही. दुर्गाबाईंची नात आचल हिने तो एकदा मोडला. शाळेसाठी बाळापूरच्या किल्ल्याची प्रतिकृती करताना तिने माझ्या पात्यांनी पुठ्ठा कापला. माझी धार गेली. धारवाला येईपर्यंत मी खणात पडून होते, दुधाच्या पिशव्या कापायच्या सुरीशेजारी. दुर्गाबाई आचलला रागावल्या नाहीत, नुसतं माझ्या बोथट पात्यावरून बोट फिरवत राहिल्या. तेव्हापासून ती मला हात लावत नसे.

आता आचलच्या आईबद्दल सांगते. तिचं नाव आरती, दुर्गाबाईंची सून. ती एका शिकवणी वर्गाच्या कार्यालयात काम करते. तिचं वजन लहानपणापासून जास्त होतं. लोक म्हणत, ती खाते फार. तिने काय काय करून पाहिलं होतं, हे कुणी विचारत नसे. पुढे गुडघे दुखू लागले, साखर वाढली. एका लग्नात तिच्याखालची प्लास्टिकची खुर्ची मोडली. ती उठली, हसली आणि जेवण संपेपर्यंत उभीच राहिली. आचल तिचा पदर धरून शेजारी उभी होती.

शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने अमरावतीला तिच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली. जठर लहान केलं. त्यानंतर आरतीचं जेवण वाटीत मावू लागलं. आधी डाळ, पनीर, अंडं, मग भाकरीचा तुकडा. रोज गोळ्या, रोज चालणं. दुर्गाबाई सुनेसाठी वेगळं वरण करत, तिच्याबरोबर संध्याकाळी चालायला जात. हळूहळू आरती जिने चढू लागली. साखरेच्या गोळ्या कमी झाल्या. तिचे जुने कपडे सैल झाले आणि मला काम मिळालं.

एक दिवस शेजारच्या सुंदराबाई फॉल लावायला साडी घेऊन आल्या. आरतीला जाताना पाहून त्या हळूच म्हणाल्या, "चांगलीच उतरली हो. पण माह्या भाच्यानं बी केलं होतं हे. दोन वर्सात जसाचा तसा झाला. टिकत नाही ते."

दुर्गाबाईंनी साडीची घडी घालून ती बाजूला ठेवली. पण त्या दिवसापासून आरतीचं काही शिवायला घेतलं की त्यांची खडूची रेघ बाहेर सरके. एका बोटाची जागा असायची तिथे चार बोटं कापड सुटायचं. ते शिवणीच्या आत दुमडून त्या बारीक टाक्यांनी दडवत. "चांगलं कापड आहे," त्या स्वतःशी म्हणत, "लागंल पुढं." मी त्या बाहेरच्या रेघेवरून चालत राहिले. मला वाटे, हे सुनेवरचं प्रेम आहे. प्रेम होतंच. पण प्रेमाच्या आत भीतीही दुमडून ठेवता येते, हे मला तेव्हा कळलं नाही.

आरतीच्या भावाचं, पियुषचं, अमरावतीला लग्न ठरलं. दुर्गाबाईंनी तिच्यासाठी राणी रंगाचा रेशमी ड्रेस शिवला. लग्नघरी काही उसवलं तर लागेल म्हणून मला पिशवीत घेतलं. हळदीच्या सकाळी आरतीने ड्रेस घातला आणि काखेखाली हात फिरवून म्हणाली, "काहीतरी टोचून राह्यलं." ड्रेस काढून तिने तो उलटा केला. आतलं चार बोटं कापड दोन्ही बाजूंनी दिसलं.

"आई, हे काहून?"

"असू दे. लागलं तर सोडता येते."

आरती पलंगावर बसली. "म्हंजे तुमालेबी वाटते, मी परत तशीच होईन."

"तसं नाही वं..."

"वाटते तं बरोबर वाटते." आरतीचा आवाज खाली गेला. "मी तुमाले सांगतलं नाही. वजन वाढून राह्यलं माह्यं. ऑफिसातून येताना कधी कधी गाडीवर थांबून गिला वडा खाते मी. तपासणीले बी गेली नाही कधीची. डॉक्टरसमोर कोन्त्या तोंडानं उभी राहू?"

दारात आचल उभी होती. ती म्हणाली, "आई, माझे मार्क कमी येतात तेव्हा तू मला शाळेत पाठवणं बंद करते का?"

आरतीने तिला जवळ ओढलं. दुर्गाबाईंनी डोळे पुसले, चप्पल घातली आणि म्हणाल्या, "ऑपरेशनचा दवाखाना इथंच आहे. हळद दुपारी आहे. चल, मीबी येते."

ऑटोत मी दुर्गाबाईंच्या पिशवीत होते. शस्त्रक्रियेनंतर तपासणीला त्या पहिल्यांदाच येत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी आरतीचं वजन केलं, रक्त तपासायला घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "वजन एकदा सगळ्यात खाली गेलं की पुढे थोडं परत येतं, बहुतेकांचं येतं. म्हणून ऑपरेशन वाया गेलं असं होत नाही. तुम्ही येणं थांबवलंत, त्याची मला जास्त काळजी आहे. वाढलं की आणखी लवकर यायचं. वाटीचं जेवण, गोळ्या, चालणं, हे पुन्हा धरू. किती वर्षं म्हणाल, तर कायम."

दुर्गाबाईंनी विचारलं, "डाक्टरीणबाई, थोडं म्हंजे किती जी? चार बोटं?"

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. पण आरतीला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

परत येताना ऑटोत दुर्गाबाई म्हणाल्या, "आरती, चुकलं माह्यं. कापड वाचवायच्या नादात मी तुह्यावरचा भरवसा कापला. रोज संगं चालत होती अन् मनात म्हनत होती, टिकनार नाही." आरतीने सासूचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. तो तिने लग्नघर येईपर्यंत सोडला नाही.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. कात्रीने पुठ्ठा कापू नका, हे तर आहेच. पण कुणी अवघड वाटेवर चालत असेल तर त्याच्या पडण्याची तयारी त्याच्या नकळत करून ठेवू नका. शिवणीत एक बोट कापड लागतंच, नाहीतर ती उसवते. माणूसही कधी थोडा मागे सरकतो, त्याला तेवढी जागा हवी. चार बोटं मात्र टोचतात. हे मला त्या रेघेवरून चालताना कळायला हवं होतं. त्या बारीक टाक्यांची टोचणी माझ्या पात्यांना अजून आहे.

लग्नघरी दुर्गाबाईंनी ड्रेस उलटा करून पलंगावर पसरला, आतले बारीक टाके उसवले, खडू घेतला, मला उचललं. पण रेघ ओढली नाही. त्यांनी खडू आणि मला आचलपुढे धरलं.

"मी?" आचल मागे सरकली. "तुझ्या कात्रीची धार जाईल, आजी."

"कापडानं नाही जात. घे."

आचलने आधी हात धुतले, फ्रॉकला पुसले. मग आईचं बोट धरून शिवणीला लावलं, त्याच्या कडेने खडूची रेघ ओढली. रेघ थोडी वाकडी आली. दुर्गाबाईंनी ती सरळ केली नाही. आचलने मला दोन्ही हातांनी धरलं आणि मी हळूहळू रेघेवरून चालले. एका बाजूची पट्टी सुटून पडली, मग दुसऱ्या बाजूची.

"ठेवू का पिशवीत?" दुर्गाबाईंनी सवयीने विचारलं.

आचलने नाही म्हणून मान हलवली. दोन्ही पट्ट्या उचलल्या, आरशासमोर उभी राहिली आणि आपल्या दोन वेण्यांना एकेक बांधून हळदीला पळाली.