केळ्याच्या रांगेतली मैत्रेयी

अंड्याच्या टरफलाआतला तो पातळ पापुद्रा सावित्रम्माच्या अंगठ्याला चिकटला होता, निघता निघत नव्हता – आणि समोर, भालकीच्या शाळेच्या व्हरांड्यात, चौथीतली मैत्रेयी आजही केळ्याच्या रांगेत उभी होती. अंडी खाणाऱ्यांची रांग वेगळी, न खाणाऱ्यांची वेगळी. दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत ही पोरगी अंड्याच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे, ‘अक्का, मोठ्ठं दे’ म्हणत... आता केळंही अर्धंच खाते नि कोपऱ्यात एकटी बसते. बाईंनी विचारलं, मुख्याध्यापकांनी विचारलं. पोरगी तोंडातून ब्र काढत नाही.

कुणी चिडवलं असेल? सावित्रम्मानं मनातल्या मनात दोन-तीन टवाळ पोरांचे कान पिळूनही टाकले. तिच्या स्वतःच्या घरात कधी अंडं शिरलं नव्हतं. शाळेत स्वयंपाकाला लागली तेव्हा सासूनं बजावलं होतं, आधी हात धू, मग गळ्यातल्या लिंगाला हात लाव. पण पोरांना अंडी सोलून देताना तिनं कधी दुजाभाव केला नाही... याचा तिला थोडा तोराही होता. आणि या चिमुरडीवर तर तिचा जीवच.

हात धुऊन – तीनदा, सवयीनं – ती पोरीशेजारी टेकली.

“कामून खाईनास गं अंडं? कोण काय म्हणलं का?”

“न्हाई.”

“मग? मला सांग की. मी हाय न्हवं?”

मैत्रेयीनं तिच्या बोटांकडे बघितलं.

“तूच तर. त्या दिवशी बघितलं मी. अंडं दिलीस की हात धुतीस, हुंगतीस, मग असं करतीस.” तिनं नाक आक्रसून दाखवलं. हुबेहूब. “आईच्या हातालाबी अंड्याचा वास येतंय, अक्का. मी तिच्या हातचं खात न्हाई आता.”

पोरगी रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती मन मोकळं करून तिच्या दंडाला टेकली होती, जड झालेलं डोकं सगळं तिच्यावर टाकून. कान पिळायला निघाले होते मी... मी! तिची आई संध्या कारखान्यातून संध्याकाळच्या बसनं येईल, भाकरी थापेल, पोरीनं ताट सरकवलं की आपलं काय चुकलं ते शोधत बसेल. तिला जाऊन सांगायलाच हवं – पण काय म्हणून? सावित्रम्मा शब्द जुळवत राहिली. मैत्रेयीच्या केसांवरून हात फिरवावा असं तिला फार वाटत होतं, आणि आज पहिल्यांदाच तो हात उचलायची तिला लाज वाटली.