माझ्या क्लचला लावलेलं तूप

मी जीप बोलतेय, रिठदच्या रामरावांची. माझं तोंड फटकळ आहे, आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म लढाईसाठी झाला. लढाई संपली तसं पलटणीनं मला लिलावात काढलं आणि रामरावांनी घरी आणलं. त्यांच्या बायकोनं, चतुराबाईनं, चाकांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळला. बंदुका गेल्या, सरकीची पोती आली. माणसाचं मला नवल वाटतं. बैल लंगडला तर त्याचा पाय शेकत बसतो, आणि मी कण्हले तर लाथ घालतो.

आठ वर्षांत माझी सीलं सुकली. इंजिनाचं तेल आतच राहावं म्हणून सील असतं. ते गळलं की तेल क्लचवर उतरतं, आणि तेलकट क्लच पकड धरत नाही. इंजिन नुसतं बोंबलतं, चाकं जागेवर. एका शहाण्यानं तर पकड यावी म्हणून क्लचच्या डब्यात मूठभर फुफाटा टाकला होता. माझ्या अंगात माती. मी विसरलेले नाही.

छप्पन सालच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी रामरावांचा धीर सुटला. सोमलाला म्हणाले, "नवी प्लेट आणून देल्ली, सीलं आणून देल्ली. उद्या टेकडीवरच्या देवाले निवद न्याचा हाये. हे चढली त ठीक. नाई त परवा भंगारवाला येते, आन् तू बी दुसरं काम पाय."

सोमला तांड्यावरचा. माझा ड्रायव्हर तोच, मिस्त्रीही तोच. त्यानं मला खोललं. सुतळीसारखं सील तेलाच्या वाटीत भिजत घातलं आणि क्लचची प्लेट ओट्यावर स्वच्छ फडक्यावर ठेवली.

"हे थाळीवानी काय व्हय रे?" चतुराबाईनं विचारलं.

"जीपचा खांदा हाये, मालकीणबाई. सारं वझं याच्यावरच."

एवढं बोलून तो तांड्यावर जेवायला गेला.

संध्याकाळी बैलांची खांदशेकणी झाली. चतुराबाईनं ऊन तूप आणि हळद पळसाच्या पानानं बैलांच्या खांद्यांना चोळली. वाटीत थोडं उरलं. ओट्यावर बघते तर सील तेलात आणि खांदा कोरडा.

"सोमला भुलला वाटते," ती म्हणाली, आणि वाटी प्लेटवर रिकामी केली. "तू बी आमचीच हायेस वं. उद्या जेवाले ये." बैलांना देतात तेच आवतण.

मायेनं चोळलं, वरचं पदरानं पुसलं. तूप प्लेटच्या अस्तरात मुरलं. अस्तराचा रंग मुळात पिवळट, हळद कुठं दिसणार? मी ओरडणार कशी? माझा आवाज इंजिनात, आणि इंजिन मुकं पडलेलं.

सकाळी रामराव सोमलाच्या डोक्यावर उभे. आटप, आटप. सोमलानं एका गड्याला हाताशी घेऊन घाईनं सगळं बसवलं.

रामराव पुढं बसले, चतुराबाई मागं, मांडीवर नैवेद्याचं ताट. अर्ध्या चढणीपर्यंत मी जीव धरून गेले. मग क्लच सुटला. इंजिन ओरडू लागलं आणि मी मागं घसरू लागले. डावीकडं खोल नाला. सोमलानं ब्रेकवर उभं राहून मला थांबवलं, उतरून चाकाला धोंडा लावला.

"ताट सांभाळ," रामराव मागं न बघता म्हणाले. "तूप सांडलं वाटते."

चतुराबाईनं ताट पाहिलं. थेंबही सांडला नव्हता. वास खालून येत होता. तिचा चेहरा उतरला.

सोमलानं तिथंच गिअरबॉक्स उतरवून क्लच उघडला. सीलावर बोट फिरवलं, कोरडं. प्लेट नाकाशी नेली. एकदा चतुराबाईकडं पाहिलं आणि प्लेट फडक्यात गुंडाळली.

"सील गळलं ना?" रामराव म्हणाले. "तुले सांगतलं होतं. किल्ली दे. पायी जाय घरी."

सोमलानं किल्ली काढली. रामरावांपुढं धरली. मला वाटलं, संपलं आपलं.

"किल्ली ठेव रे," चतुराबाई म्हणाली. ताट धोंड्यावर ठेवून ती पुढं आली. "अवो, सील गिल काई गळलं नाई. तूप म्या चोपडलं, खांदा समजून. हा मरद तोंड दाबून बसला, माई इज्जत राखाले. भंगारात घालाचं असंन त मले घाला."

रामरावांनी फडकं उलगडलं, प्लेट हुंगली. मग ती सोमलाच्या हातात परत दिली.

सोमलानं पेट्रोलनं प्लेट धुतली, पॉलिशकागदानं घासली, पुन्हा धुतली. आता जड गिअरबॉक्स वर धरायला दुसरा माणूस हवा होता. रामरावांनी फेटा काढून बायकोच्या हातात दिला आणि धुतल्या धोतरानिशी चिखलात, सोमलाच्या खांद्याला खांदा लावून आडवे झाले. गिअरबॉक्स छातीवर घेतला.

"सांग," ते म्हणाले, "कुठं लोटू?"

"हळू, मालक. थोडं डावीकडं."

मी चढले. निवद पोचला. भंगारवाला आला, चहा पिऊन गेला.

आज तीन वर्षं झाली. रंग उडालाय, पत्रा वाजतो, पण सोमला अजून माझ्या चाकावर आहे. पोळ्याला मलाही बेगड लागतं. माझा क्लच उघडला की चतुराबाई काठी घेऊन ओट्यावर बसते. सोमलालाही आधी साबणानं हात धुवायला लावते.

तुमच्याही दारात माझी एखादी बहीण असेल. माया करायची तर बॉनेटवरून हात फिरवा, बायांनो. आत कोरडं ठेवा.