सातव्या दिवसाचा पिवळा

कवळीवाल्यांनी चिमट्यात धरलेल्या घोडेस्वाराच्या गळ्यात भाला खुपसला आणि वरून गोंदाचा थेंब सोडला. स्वार बोटाच्या पेराएवढा, भाला म्हणजे पितळी तारेचा तुकडा. पण मरण खरं दिसलं पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष होता.

चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या कवळ्या घडवल्या. काम सुटल्यावर तेच हात जुन्या काळातली सैन्यं रंगवू लागले. दर रविवारी चारच्या ठोक्याला जावई यायचा आणि दोघं टेबलावर फौजा मांडून, फासे टाकून लढायचे. हरला तरी हसणारा असा खेळाडू मिळायला नशीब लागतं, असं ते चारचौघांत कौतुकाने सांगत. लेक दुपारीच यायची. प्रत्येक सैनिकाच्या पायाखालच्या चकतीवर गोंद फासायचा, बारीक वाळू भुरभुरायची, ती वाळली की मातकट रंग द्यायचा आणि गवत चिकटवायचं, हे तिचं काम. माणसं बापाची आणि जमीन लेकीची, अशी वाटणी होती.

आज बारा मेलेले रंगवायचे उरले होते. एखाद्या तुकडीने मार खाल्ला की तिच्या शेजारी एक मेलेला ठेवायचा, म्हणजे कोणाचं किती नुकसान झालं ते विसरायला होत नाही. वेळ कमी होता, म्हणून कवळीवाल्यांनी चेहरेही लेकीकडे दिले. चिखलात सांडलेलं रक्त लाल राहत नाही, काळपट होतं. वार्निशची चमक फक्त ताज्या जखमेवर, असं बरंच समजावलं. ती मान खाली घालून ऐकत होती. एकाचं पोट फाडलेलं होतं, तेही तिने पापणी न हलवता रंगवलं.

डोळ्यांवर भिंगाचा चष्मा चढवून ते एकेक तपासू लागले. फुटलेली डोकी, कोपरातून तुटलेला हात, टापांखाली चेचलेली छाती, सगळं झकास. बाराव्याच्या डाव्या डोळ्याभोवती मात्र जांभळा रंग होता, त्याच्या बाहेर हिरवा, आणि कडेला पिवळा. तिन्ही रंग एकमेकांत असे मुरले होते की त्यांना स्वतःलाही ते जमलं नसतं. आधी त्यांना अभिमानच वाटला.

"पण हे चुकलं बघ," ते म्हणाले. "हा आज सकाळी पडलाय. पिवळं यायला सात दिवस लागतात, आणि तेही जिवंत माणसाला. मेलेल्याला नाही येत."

मारामारीत दात गमावलेली माणसं आठवड्याने माप द्यायला यायची, तेव्हा त्यांच्या तोंडावर हा पिवळा असायचा. तो कुणी शिकवून येत नाही, जवळून बघावा लागतो. तिने कुठे बघितला, हे विचारायला त्यांनी मान वर केली. चष्मा तसाच होता. भिंगातून लेकीचा गाल एवढा मोठा दिसला. डावीकडे केस मोकळे सोडले होते, पावडरचा जाड थर होता, आणि थराखाली पिवळी कड.

तिने केस सारखे केले नाहीत. ब्रश पुसत राहिली.

"मला सांगायचंस तरी," ते म्हणाले.

"सांगितलं होतं. दोनदा. दुसऱ्यांदा तुम्ही घोड्यांचे खूर रंगवत होतात. म्हणालात, जरा सांभाळून घे, माणूस मनाने वाईट नाही."

खूर त्यांना लख्ख आठवले. लेकीचा त्या दिवशीचा चेहरा काही केल्या आठवेना. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

घंटी वाजली. एरवी ते लगबगीने दार उघडायला जात. आज गेले आणि वरची कडी लावली, मग खालची.

"उघडा बाबा," बाहेरून जावयाचा हसरा आवाज आला. "आज तुमच्या घोडदळाची खांडोळी करायचीय."

"आज खेळ नाही."

"बरं. मग तिला पाठवा."

"ती येणार नाही."

मग दारावर लाथ बसली. बिजागरीजवळचा गिलावा गळला. दुसऱ्या लाथेला कवळीवाल्यांनी दाराला पाठ लावली. लाथांच्या मधल्या वेळात जावई तिचं कोणतं हाड आधी मोडणार ते नीट, क्रमाने सांगत होता. त्या आवाजाची आणि कवळीवाल्यांची ओळखच नव्हती.

लेकीने पोलिसांना फोन केला, पत्ता दोनदा सांगितला. मग येऊन बापाशेजारी दाराला पाठ लावून उभी राहिली. तिसऱ्या लाथेने म्हाताऱ्याचे दात दातांवर आपटले.

"तोडेल हा दार," ते म्हणाले.

"नाही तोडणार," ती म्हणाली. "अजून चार-पाच मारेल. मग रडायला लागेल. बाबा, तुम्ही तेव्हा उघडू नका."