पहिला खड्डा

शिंपल्याच्या धारेने साल खरवडून तोरिकाने नीरफणसाच्या फोडी केळीच्या पानांनी मढवलेल्या खड्ड्यात टाकल्या. चीक कोपरापर्यंत ओघळला होता. चांगलं खायचं फळ आपण जमिनीत पुरतोय, या विचाराने तिचा जीव तुटत होता. पण बूबूचं म्हणणं ठाम होतं, एक पोटात गेला की दोन खड्ड्यात गेले पाहिजेत.

बूबू ताराइविनी ही तिच्या नवऱ्याची आजी. घरामागच्या छपरीत चटई टाकून ती दिवसभर बसे आणि बसल्या बसल्या पेंगे. खोबऱ्याचा भाव बसला ती वर्षं आणि तीन मोठी वादळं तिने याच बेटावर काढली होती. शिकवायची तीही डुलक्यांच्या मधे. पानं नीट दुमडून घे, असं म्हणून डोळे मिटायची आणि तासाभराने, जणू स्वप्नातूनच, वर दगड जड ठेव, असं वाक्य पुरं करायची. तोरिका हसायची आणि दगड शोधायला जायची.

रिसॉर्ट चालू होतं तोवर तोरिका तिथे रोज पहाटे तीनशे पाव भाजायची. ते बंद पडलं. नवरा सिकेली मासेमारीच्या मोठ्या बोटीवर गेला आणि त्याचा निरोप येईना. म्हणून सहा वर्षांच्या लितियाला घेऊन ती या गावात आली. शेतातली कोनफळं निघायला पाच महिने होते. तोवर निभलं नाही, तर सुवा शहरात भावाच्या पत्र्याच्या खोलीत वहिनीची बोलणी खात राहायचं. तिथे जायची पिशवी तिने आधीच भरून ठेवली होती.

खड्डा भरला. बूबूने बजावलं की तीन महिने त्याला हात लावायचा नाही, फळ आत आंबून मुरलं की मगच ते टंचाईत भाजून खाता येतं.

मग झाडं हळूहळू रिकामी होऊ लागली. ओहोटी लागली की मायलेकी खडकांमधल्या वाळूत तिसऱ्या वेचायला जात. पाणी ओसरलेल्या त्या उथळ, चकचकीत पसाऱ्यात वेळ कुठे जाई ते कळत नसे. लितिया ढगांकडे बोट दाखवून पाव मोजायची. परत यावं तर बूबू तिथेच, ऊन अंगावर आलं तरी चटई तसूभर न सरकवता पेंगत असलेली. तिच्या बोटांचा चीक अजून गेला नव्हता. म्हाताऱ्या कातडीवरून डाग लवकर निघत नसतील, असं तोरिकाला वाटलं. जागेचा हट्टही वयाचाच.

सहाव्या आठवड्यात एका दुपारी लितियाने विचारलं, "आई, पाव कधी करणार?" रडली नाही, नुसतं विचारलं. तेच तोरिकाला सोसवलं नाही. तिने परसातल्या खड्ड्याचे दगड बाजूला केले. आंबूस वास आला. पावाचं पीठ फुगताना येतो तसाच होता आणि त्या वासानेच तिला फसवलं. तिने एक गोळा भाजला. लितियाने दोन घास खाल्ले आणि उरलेला आईच्या हातात परत ठेवला. तोरिकाने घाईघाईने पानं ओढली, दगड रचले. पुढे तीन दिवस पाऊस लागून राहिला. पाऊस थांबल्यावर पाहिलं, तर खड्ड्यात काळं पाणी आणि अळ्या.

पिशवी खांद्याला लावून, लितियाचा हात धरून ती छपरीत आली. लाजेने तिचा चेहरा भाजत होता.

"बूबू, खड्डा मी उघडला होता. सगळं नासलं."

बूबूने डोळे उघडले नाहीत. "कधी उघडलास?"

"गेल्या रविवारी."

"म्हणजे सहा आठवडे थांबलीस. बरीच थांबलीस की. मी चौथ्यातच उघडला होता. सिकेलीचा बाप कडेवर होता तेव्हा."

तोरिकाने पिशवी खाली ठेवली. "मग तुझ्या सासूबाई काय म्हणाल्या?"

"काही नाही. बसल्या होत्या तिथून उठल्या."

खांबाला धरून बूबू उभी राहिली. कण्हत वाकली आणि चटई ओढून बाजूला केली. खाली दगड होते, गोल आणि घट्ट मांडलेले. कडेने केळीचं वाळकं पान डोकावत होतं. तोरिकाला तिची चिकट बोटं आठवली, आणि मायलेकी ओहोटीला गेल्या की बूबूला रोज मिळणारं रिकामं घर आठवलं.

"माझ्या सासूचाच आहे हा. खणावा लागला नाही, नुसता भरला," बूबू म्हणाली. "पहिला सगळ्याच जणी उघडतात गं."

"हा कधी उघडायचा?"

"दोन महिन्यांनी."

"आणि तोवर?"

"तोवर तिसऱ्या आहेत, पाला आहे. आणि जेवायच्या वेळी पोरीला घेऊन शेजारी जाऊन बसायचं. लाजायचं नाही. आपल्या पोरांना घेऊन शेजारणीही कधीकाळी इथे येऊन बसल्यात."

तिने चटई पुन्हा दगडांवर अंथरली, पण बसली नाही. कमरेवर हात ठेवून समुद्राकडे बघत राहिली.

"पाठ पार धरलीय माझी. जरा पाण्यात पाय घालून येते. तू बस."

तोरिका बसली. पिशवी उशाला देऊन लितिया तिच्याजवळ आडवी झाली आणि बघता बघता झोपली. दूर उथळ पाण्यात बूबू लहान होत गेली. ऊन सरकत छपरीत आलं, आधी तोरिकाच्या पायांवर, मग मांडीवर, मग तोंडावर. तिने डोळे मिटले. जागा सोडली नाही.