कॅमेऱ्यावरचा शर्ट

आमचा प्रबुद्ध पुण्यात एका दुकानात कामाला होता. बंगल्यांना, पेट्रोल पंपांना कॅमेरे बसवत फिरायचा. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात तो गावी शिनोलीला आला तो पिशवीत एक जुना कॅमेरा आणि त्याचं चित्र साठवणारं मशीन घेऊनच. आमचं घर भीमाशंकरच्या रस्त्याला लागून. पडवीच्या तुळईला त्याने कॅमेरा ठोकला. त्यात आमचं अंगण दिसायचं आणि अंगणापलीकडचा रस्ता.

त्याची आई, फुलाबाई, कमरेवर हात ठेवून बघत होती.

“चोरानं काय न्यायचं रं आपल्या घरातनं? तुझ्या बाला?”

“आई, पुण्यात मोठ्या मोठ्या बंगल्यांना असतात.”

“मंग तिथंच ठोकायचा की.”

तिचं खरं दुखणं वेगळं होतं. अंगणात एक सपाट दगड आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून न्हाऊन झालं की ती त्या दगडावर उन्हाला पाठ करून बसायची, केस सुकवायची, विंचरायची. कॅमेरा नेमका त्या दगडावरच रोखलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टुलावर चढली, कॅमेऱ्याच्या तोंडाशी तोंड नेऊन त्याला काहीतरी बोलली आणि माझा जुना खाकी शर्ट त्याच्यावर टाकला. अंबाडा बांधून झाला की आतल्या मला हाक यायची, “अवं, काढा आता त्येचा शर्ट.” मग मी काढायचो. रोजचंच झालं ते.

एके काळी आमच्या वस्तीला असल्या डोळ्याची गरज नव्हती. नव्वदच्या सुमाराला विहारात संध्याकाळी प्रौढ साक्षरतेचा वर्ग भरायचा. कंदिलाभोवती आम्ही सगळे पाटी घेऊन बसायचो. फुलाबाईची पाटी माझ्याआधी भरायची आणि मग ती माझ्या पाटीत बघून हसायची. घरं तशीच उघडी असायची. शेजारचा कुंडलिक मोठा बागायतदार, पण त्याची आई ठकूबाई दिवस मावळेपर्यंत रस्त्याकडेच्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलेली असायची. “कोन रं त्यो? कुनाकडं निघालास?” असं विचारल्याशिवाय ती कुत्र्यालासुद्धा पुढे जाऊ देत नव्हती. तिला सगळ्यांच्या सोयऱ्यांची नावं पाठ होती. ती गेली, ओटा रिकामा झाला आणि मग नदीवरच्या पाण्याच्या मोटारी, स्टार्टर चोरीला जाऊ लागले.

त्याच उन्हाळ्यात कुंडलिकचा बैल गेला. पाखऱ्या. घाटात, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीवर पळणारा, लेकरासारखा वाढवलेला. सगळं गाव दुपारच्या लग्नाला मांडवात होतं. कुंडलिक घरी परतला आणि तसाच आमच्याकडे धावत आला.

“भाऊ, दावं कापलंय! पाखऱ्या न्हाई गोठ्यात!”

घोडेगावहून हवालदार आले. प्रबुद्धला पुण्याहून बोलावलं. टीव्हीला मशीन जोडून त्याने सकाळपासूनचं चित्र लावलं, तर पडद्यावर आधी आली फुलाबाई, आणि मग नुसता अंधार.

“बाबा, हे काय? कॅमेऱ्याला शर्ट कोन घालतं?” हवालदारांनी विचारलं.

“मी घालते,” दारातून फुलाबाई म्हणाली. “तुमच्या घरच्या बाया केस इंचरत्यात तवा बाहेरची मानसं बघत बसत्यात व्हय?”

हवालदार हसले आणि टीव्हीकडे वळले.

दुपारचं चित्र आलं. त्या दिवशी वीज गेली नव्हती हे आमचं नशीब. आमच्या दारासमोर रस्त्याला मोठा खड्डा होता, तिथे एक पांढरा टेम्पो हळू झाला. मागे ताडपत्री, आणि ताडपत्रीतून एका शिंगाचं टोक बाहेर.

“गुलाबी!” कुंडलिक ओरडला. “यात्रेला मीच रंगावलंय त्ये!”

टेम्पोचा नंबरही वाचता आला. चार दिवसांनी पाखऱ्या नगरकडच्या एका गोठ्यात सापडला, टेम्पोवाला पोरगाही सापडला. पोलिसांनी पंचनामा करून मशीन जप्त केलं. मी सही केली. फुलाबाई म्हणाली, “बरं झालं, ब्याद गेली.” कॅमेरा मात्र तुळईला तसाच राहिला, तारा लोंबत. आणि तरी एके दिवशी बघतो तर सवयीने तिने त्या आंधळ्या कॅमेऱ्यावर शर्ट टाकलेला!

थंडीत तिला ताप आला आणि त्यातच ती गेली.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले. घरात तिचा फोटो एकच, मतदान कार्डावरचा. त्यात ती घाबरलेली दिसते. तशी ती कधी कशालाच घाबरली नव्हती. मी तो फोटो बघत बसलो होतो, तेव्हा प्रबुद्ध हळूच म्हणाला, “बाबा, त्या मशीनमधी आई असंल.”

“कशी? त्ये तर आठवड्यानं जुनं पुसतं म्हनला व्हतास.”

“चालू असलं तर पुसतं. पोलिसांनी नेलं तवाच बंद झालं. हाय तसं असंल.”

दुसऱ्या दिवशी मी घोडेगावला गेलो. हवालदारांनी चहा पाजला, पण म्हणाले, “मुद्देमाल हाय बाबा. केस मिटंस्तवर मला हात लावता येत न्हाई.”

“चुकून कुनी चालू केलं तर?”

“कुलपात हाय.”

तेवढ्याने माझा जीव थाऱ्यावर येईना. तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला मी कुंडलिकबरोबर एसटीने जायचो, कोर्टाच्या आवारात बसायचो, परत यायचो. दुसरा उन्हाळा आला. तडजोडीसाठी टेम्पोवाल्या पोराची आई कुंडलिकच्या दारात दोनदा येऊन गेली होती. कुंडलिक तिला उभंही करत नव्हता. “माज्या बैलाला हात लावला. खडी फोडाया लावीन,” असं तो चारचौघांत बोलला होता.

एका तारखेला एसटीत त्याने विचारलं, “भाऊ, तुजं तर कायबी गेलं न्हाई. मंग तू दर बारीला कशापायी येतोस?”

मी मशीनमधल्या फुलाबाईचं सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

पुढच्या तारखेला त्याने कोर्टात तडजोड केली. बाहेर आल्यावर मी काही बोलायच्या आतच म्हणाला, “पाखऱ्या तर दावनीला आलाय राव. आता त्या पोराला आत घालून मला काय घाटात पळवायचंय त्येला?”

मशीन घरी आलं. प्रबुद्धने आधी कॅमेऱ्याची तार काढली, नवं काही टिपलं जाणार नाही याची दोनदा खात्री केली, मगच बटण दाबलं. कुंडलिक टोपी काढून खाली बसला.

फुलाबाई स्टुलावर चढली. तिचा चेहरा मोठा होत पडदाभर आला. ओले केस गालाला चिकटलेले, डोळ्यांत राग, आणि रागाखाली हसू. ओठ हलत होते. मशीनला आवाज नव्हता.

“काय म्हनत्यात वहिनी?” कुंडलिकने विचारलं.

“‘बग आता काय बगायचं त्ये,’” मी म्हणालो. रोज तेच म्हणायची.

मग शर्ट आला. अंधार. प्रबुद्ध चित्र पुढे पळवायला गेला.

“राहू दे,” मी म्हणालो. “केस इंचरतीय ती.”

आम्ही तिघं अंधाराकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने शर्ट निघाला. आधी माझा हात दिसला, आणि माझ्या मागे, उन्हातल्या दगडावरून अंबाडा चाचपत ती उठत होती.